ल्यूबेकचें विटांचें देवालय

बाल्टिक समुद्राच्या दक्षिणेकडील सपाट प्रदेशांत बांधकामास योग्य असा दगड जवळपास मिळत नाहीं. माती मात्र विपुल. फ्रान्सच्या स्थपतींनीं पाषाणांत सिद्ध केलेली गॉथिक रचना भाजलेल्या विटेंत उतरविण्याचें साहस ल्यूबेकच्या व्यापाऱ्यांनीं केलें, आणि तेराव्या शतकाच्या मध्यापासून १३५१ च्या सुमारापर्यंत सेंट मेरीचें देवालय आकारास आलें. विटेवर नाजूक कोरीवकाम साधत नाहीं. तेव्हां सारी शोभा उंचीवर सोंपविणें भाग होतें. मधल्या दालनाचें कमानदार छत सुमारें ३८ मीटर उंच आहे. विटांचें याहून उंच छत जगांत दुसरें नाहीं. जुळे मनोरे तर १२५ मीटरांचे. बिशपचें प्रधान देवालय गांवाच्या दक्षिण टोंकास, आणि हें नगरसभागृहाला खेटून, भर बाजारांत! धनिकांची धर्माधिकाऱ्यांशीं चढाओढ याहून स्पष्ट कशी दिसावी?

येथील वादक बुक्स्टेहुडे याचा ऑर्गन ऐकण्यासाठीं १७०५ सालीं वीस वर्षांचा बाख आर्नष्टाटहून सुमारें ४०० किलोमीटर पायीं आला. रजा चार आठवड्यांची होती. परतावयास त्याला जवळजवळ चार महिने लागले.

२८ मार्च १९४२ च्या रात्रीं ब्रिटिश विमानांच्या बाँबवर्षावांत देवालय जळालें. ‘मृत्यूचें नृत्य’ हें प्रसिद्ध चित्र नष्ट झालें. परंतु आगीच्या धगीनें भिंतींवरील चुना गळून पडला आणि त्याखालून मध्ययुगीन चित्रें डोकावूं लागलीं. त्यांच्या जीर्णोद्धाराचें काम डीट्रिख फाय व लोथार माल्स्काट यांजकडे आलें. १९५१ सालीं, देवालयाच्या सातशेंव्या वर्षीं, चान्सेलर आडेनॉवर यांच्या उपस्थितींत समारंभ झाला. टपालाचीं तिकिटेंही निघालीं. विद्वानांनीं चित्रें वाखाणलीं. पुढच्याच वर्षीं माल्स्काटनें स्वतः कबूल केलें कीं, गाभाऱ्यांतील आकृति त्यानेंच रंगविल्या आहेत! आरंभीं त्यावर कोणी विश्वास ठेवीना. अखेर खटला होऊन दोघांस शिक्षा झाली.

फसवणूक तर खरीच. पण उद्ध्वस्त गांवाला आपला भूतकाळ परत मिळाल्याचा आनंद इतका हवासा होता कीं, परीक्षकांचे डोळेही दिपले, असें मला वाटतें. गाभाऱ्यांतील तीं चित्रें पुढें पुसून टाकण्यांत आलीं. दक्षिणेकडील मनोऱ्यांतून त्या रात्रीं कोसळलेल्या घंटा मात्र कोणीं हलविल्या नाहींत; त्या फुटलेल्या अवस्थेंत, जमिनींत रुतून, जेथें पडल्या तेथेंच आहेत.