काटोल अशनीतील ब्रिजमनाइट

काटोल अशनीतील ब्रिजमनाइट हे नागपूर जिल्ह्यातील काटोल परिसरात २२ मे २०१२ रोजी दुपारी पडलेल्या अशनीत आढळलेले, अतिउच्च दाबाखाली तयार होणारे दुर्मीळ खनिज आहे. काटोल अशनी एल-६ वर्गातील कोंड्राइट, म्हणजे दगडी अशनी आहे.

नाव आणि महत्त्व

ब्रिजमनाइट हे मॅग्नेशियम सिलिकेट असून पृथ्वीच्या पोटात सुमारे ६६० किलोमीटरच्या खाली, खालच्या प्रावरणात ते सर्वाधिक प्रमाणात असते. तिथला खडक वर येताना दाब घटतो आणि त्याची रचना मोडते. त्यामुळे पृथ्वीवर विपुल असूनही ते हाती लागत नाही. निसर्गातील नमुन्याची रचना सिद्ध झाल्याविना खनिजाला अधिकृत नाव मिळत नाही. ऑस्ट्रेलियात १८७९ साली पडलेल्या टेनहॅम अशनीतील नमुन्यावरून २०१४ साली ती सिद्ध झाली. उच्च दाबावरील संशोधनासाठी १९४६ चे नोबेल पारितोषिक मिळालेल्या पर्सी ब्रिजमन यांचे नाव त्यास देण्यात आले.

निर्मिती

अवकाशात अशनीच्या मूळ पिंडावर दुसरा पिंड आदळला की क्षणभर प्रचंड दाब व उष्णता निर्माण होते. खडकाचा काही भाग वितळून त्याच्या बारीक शिरा बनतात. काटोल अशनीतील ब्रिजमनाइट अशा शिरांमधील वितळलेल्या द्रवातून थेट स्फटिकरूपात आले. त्या वेळचा दाब २३ ते २५ गिगापास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे अडीच लाख पट असावा, असा अंदाज आहे.

ओळख

केवळ रासायनिक घटकांवरून हे खनिज ओळखता येत नाही. कारण एन्स्टॅटाइट व अकिमोटोआइट या खनिजांचे मूळ सूत्रही तेच आहे. फरक अणूंच्या मांडणीत असतो. एन्स्टॅटाइटमध्ये सिलिकॉनच्या प्रत्येक अणूभोवती ऑक्सिजनचे ४ अणू असतात, तर ब्रिजमनाइटमध्ये ६. अकिमोटोआइटमध्येही ते ६ असल्याने संपूर्ण स्फटिकरचना तपासावी लागते. कण अतिसूक्ष्म असतात. शिवाय इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या झोताखाली ब्रिजमनाइटची रचना विस्कटून त्याची काच होते. म्हणजे तपासणीच नमुना नष्ट करू शकते.

काटोलचे वैशिष्ट्य

आयआयटी खरगपूरचे सुजॉय घोष व सहकाऱ्यांचे संशोधन २०२१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पूर्वी इतर अशनींत सापडलेल्या ब्रिजमनाइटचे घटक पृथ्वीच्या प्रावरणातील अपेक्षित घटकांशी जुळत नव्हते. काटोलच्या नमुन्यात मात्र लोह व ॲल्युमिनियम असून त्याचे घटक प्रयोगशाळेत उच्च दाबाखाली बनवलेल्या ब्रिजमनाइटशी जुळतात. त्यातील एकूण लोहापैकी सुमारे ६९ टक्के लोह फेरिक स्वरूपात आहे. शेजारच्या मेजोराइट या खनिजात हे प्रमाण सुमारे ३७ टक्के आहे. प्रयोगांतही असाच फरक दिसला होता.

आरंभी पृथ्वीवर वितळलेल्या शिलारसाचा महासागर होता, असे मानले जाते. तो थिजताना ब्रिजमनाइट कसे तयार झाले असेल, याच्या अभ्यासासाठी काटोलचा नमुना उपयुक्त ठरतो.