गाळातलं दप्तर : परागकण आणि आपल्या पठारांचा इतिहास

कोल्हापूरच्या पुरालेखागारात मोडी कागदांचे रुमाल आहेत. गावचा सारा, इनामं, वतनं, तंटे असं पुष्कळ काही त्यांत सापडतं. पण हे कागद आपल्याला काही शतकंच मागे नेतात. त्याहून मागे जायचं म्हटलं की आपण शिलाहारांच्या शिलालेखांपाशी पोचतो, म्हणजे अकराव्या-बाराव्या शतकात. तिथं दान कुणी दिलं, कुणाला दिलं हे कळतं. पन्हाळ्याशेजारच्या मसाई पठारावर त्या वेळी झाडी होती की गवत, हे मात्र कुठलाही शिलालेख सांगत नाही. आज आपण अशा दप्तराबद्दल बोलणार आहोत, जे कुणी लिहिलं नाही, वाऱ्यानं आणि पाण्यानं साठवलं.

परागकण म्हणजे फुलातली ती पिवळी धूळ. एक कण साधारण मिलिमीटरच्या पन्नासाव्या ते पंचविसाव्या भागाएवढा. त्याच्या बाहेरच्या कवचात स्पोरोपोलेनिन नावाचं द्रव्य असतं आणि ते विलक्षण चिवट असतं. प्रयोगशाळेत गाळ आम्लांत उकळतात, वाळू-माती विरघळून जाते, कवच शिल्लक राहतं. प्रत्येक कुळाची घडण वेगळी असते. पाइनच्या कणाला दोन हवेच्या पिशव्या, गवताचा कण गोल आणि त्याला एकच भोक. अनुभवी माणूस सूक्ष्मदर्शकाखाली तीनशे-चारशे कण मोजतो आणि त्या थराच्या काळात आसपास काय उगवत होतं याचा अंदाज बांधतो. थराचं वय बहुधा त्यातल्याच सेंद्रिय द्रव्याच्या रेडिओकार्बनवरून काढतात.

ही विद्या जन्मली थंड उत्तरेत. १९१६ साली लेनार्ट फॉन पोस्ट या स्वीडिश भूशास्त्रज्ञानं ख्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ओस्लोत, एक व्याख्यान दिलं आणि स्वीडनच्या दलदलींतले पराग थराथरानं मोजून त्यांचे आलेख मांडले. तिथंच का, हे समजून घ्यायला हवं. तिकडच्या दलदलीत शेवाळ अर्धवट कुजून थरावर थर चढतो. पाणी आंबट, थंड, प्राणवायू नाही, त्यामुळं पराग नासत नाही. झाडांच्या जाती थोड्या, आणि बर्च, पाइन, हेझल, ओक ही सगळी वाऱ्यावर पराग उधळणारी. त्यामुळं बर्फ मागे सरल्यावर आधी बर्च आला, मग पाइन, मग हेझल आणि ओक, असा क्रमच हाती लागला. मध्येच थंडी परत आल्याचंही दिसलं. सुमारे १२,९०० ते ११,७०० वर्षांपूर्वीच्या त्या काळाला ड्रायस या इवल्या रानफुलाचं नाव आहे, कारण त्याची पानं डेन्मार्कच्या मातीत सापडली.

इतिहासाच्या अभ्यासकाला खरी गोडी लागते ती योहानेस इव्हर्सनच्या कामात. १९४१ साली त्यानं डेन्मार्कच्या गाळात दाखवलं, की एका थरात झाडांचे पराग एकदम उतरतात आणि त्याच सुमाराला शेताच्या बांधावरचं तण आणि धान्याचे कण दिसू लागतात. शेतकरी आला, त्यानं रान तोडलं. ज्या माणसाचं नाव-गाव काही उरलं नाही, त्याची कुऱ्हाड गाळात नोंदली गेली!

पण या दप्तरातही खोट असते, बघा. समजा एका थरात झाडांचे २०० कण आणि गवताचे १००. गवत झालं तेहतीस टक्के. पुढच्या थरात झाडं निम्मी झाली, १००, गवत होतं तेवढंच. आता गवत पन्नास टक्के! कागदावर गवत वाढलं, रानात एक काडी वाढली नाही. उत्तर ध्रुवाजवळच्या उघड्या प्रदेशात ही अडचण फार जाचते. तिथं स्थानिक पराग इतके कमी, की शेकडो किलोमीटरवरून वाऱ्यानं आलेला पाइनच टक्केवारीत भाव खातो आणि जिथं एक झाड नाही तिथं जंगल असल्याचा भास होतो. सैबेरिया आणि अलास्का यांच्यामधल्या, हिमयुगात उघड्या पडलेल्या भूमीवरून असाच मोठा वाद झाला. मॅमथ, घोडे, गवे यांची हाडं सांगत होती की चारा भरपूर होता. पराग इतका विरळ की पॉल कोलिनव्होसारखे अभ्यासक म्हणत, ते जवळजवळ ओसाड रानच असणार. पुढं नमुन्यात ठरावीक संख्येचे ओळखीचे बीजाणू मिसळून मोजायची रीत आली, त्यामुळं टक्के सोडून प्रत्यक्ष संख्या काढता येऊ लागली. हाडं आणि पराग दोन्ही मांडून बसावं लागतं, एका साक्षीदारावर निकाल देता येत नाही.

आता आपल्याकडे येऊ. भारतात या विद्येचं मोठं घर म्हणजे लखनौची बिरबल साहनी संस्था. १९४६ साली ती सुरू झाली. ३ एप्रिल १९४९ ला नेहरूंच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली आणि आठवड्याभरात साहनी गेले. पुढे गुरदीप सिंग यांनी राजस्थानच्या सांभर, डिडवाना, लूणकरणसर या खाऱ्या सरोवरांतले पराग मोजले आणि १९७१ मध्ये म्हटलं, पाऊस आटला आणि सिंधू संस्कृतीला उतरती कळा लागली. केवढी आकर्षक मांडणी! पण १९९९ मध्ये लूणकरणसरच्या गाळाचं वय नव्यानं काढलं, तेव्हा ते सरोवर नगरं भरभराटीला येण्याआधीच कोरडं पडलेलं निघालं. आमच्या मते सिंग यांचं मोठेपण त्यानं उणावत नाही, कारण खोडून काढता येईल असं स्पष्ट विधान त्यांनी केलं होतं.

सह्याद्रीत मात्र हे काम जिकिरीचं. आपली बरीचशी झाडं आणि झुडपं कीटकांवर अवलंबून. ती पराग हवेत उधळत नाहीत. कारवी तर सात-आठ वर्षांतून एकदा फुलते, तिची नोंद गाळात कितीशी पडणार? शिवाय जांभा दगडाची जमीन पावसाळ्यात भिजते, उन्हाळ्यात करपते, त्यात पराग टिकत नाही. तलाव म्हणावेत तर त्यांचा गाळ दर पिढीत उपसला जातो. शेताला तो सोन्यासारखा, पण हजार वर्षांची पानं ट्रॉलीत भरून उसात पसरली जातात, हेही खरं. गाळ उपसू नका असं आम्ही म्हणणार नाही, पाणी हवंच.

तरी तीन ठिकाणं आपल्या कामाची आहेत. पहिलं कारवारजवळचा समुद्र. नद्या घाटातले पराग समुद्रात नेतात आणि ते तळाशी बसतात. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सुमारे ३,५०० वर्षांपूर्वीपासून दमट जंगलाचे आणि कांदळवनाचे पराग घटलेले दिसले. केवळ कुऱ्हाड चालली असती तर खाडीतली कांदळंही त्याच वेळी का घटावीत? म्हणून संशोधकांनी पाऊसमान कमी झाल्याचा अर्थ लावला. इकडे घोड नदीकाठी इनामगावची शेतकरी वस्ती इ.स.पू. १००० नंतर गरीब होत जाते, इ.स.पू. ७०० च्या सुमारास उठते, आणि म. के. ढवळीकर त्याचं कारण कोरडं होत गेलेलं हवामान असं देतात. दोन्ही गोष्टी जुळतात असं वाटतं. पण मधे काही शतकांचं अंतर आहे, तेव्हा सांधा घट्ट बसला असं समजू नये.

दुसरं लोणार. तिथल्या विवरातून सुमारे दहा मीटर गाळ काढला गेला, जवळजवळ अकरा हजार वर्षांचा. त्यातल्या गेलुसाइट या क्षाराच्या स्फटिकांवरून आणि इतर खुणांवरून दोन दीर्घ कोरडे काळ दिसतात: सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वी, आणि मग २,००० ते ६०० वर्षांपूर्वी. हा दुसरा काळ पाहा. त्यात वाकाटक आले, अजिंठ्याची उत्तम लेणी आली, आपले शिलाहार आणि देवगिरीचे यादवही आले. ज्या काळाला आपण वैभवाचा म्हणतो, तो गाळाच्या हिशेबात सुकाळाचा नाही! उलट परंपरेनं ज्याची आठवण ठेवली तो दुर्गादेवीचा दुष्काळ, १३९६ ते १४०७, या काळाच्या शेवटानंतरचा आहे. यात विरोध नाही. बारा वर्षांचा दुष्काळ माणसं मारतो, पण गाळाच्या एका नमुन्यात कैक वर्षं एकत्र कालवलेली असतात. बखर आणि गाळ वेगवेगळ्या मापानं काळ मोजतात.

तिसरं कास. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तिरुवनंतपुरमच्या एका राष्ट्रीय संस्थेबरोबर पठारावरच्या हंगामी तळ्याचा गाळ तपासला. पराग आणि डायटम या सूक्ष्म शैवालांवरून सुमारे ८,६०० वर्षांपूर्वी पाऊसमान कोरडं होत गेल्याचं, आणि सुमारे २,८०० वर्षांपूर्वी मॉन्सून पुन्हा बराच क्षीण झाल्याचं दिसलं. म्हणजे ज्या खळग्याला आपण डबकं म्हणून ओलांडतो, त्यात आठ हजारांहून अधिक वर्षं साठलेली आहेत.

पूर्वेकडच्या माळाबद्दल अलीकडे वेगळीच साक्ष निघाली आहे. संशोधकांनी तेराव्या शतकापासूनचं मराठी साहित्य आणि लोकगीतं झाडांच्या नावांसाठी चाळली. बाभळीसारखी मोकळ्या, उन्हाच्या माळावरची झाडं त्यांत जागोजाग सापडली. कान्होपात्रेची कथा आठवा: पंढरपूरच्या देवळात तिच्या समाधीवर उगवलं ते तरटीचं झाड. काटेरी, कोरड्या रानातलं. दाट अरण्यातला वृक्ष कथेनं तिथं लावला नाही. अरण्य तोडून माळ झाला, हे वाक्य पाठ्यपुस्तकांनी आपल्या डोक्यात फार सहज बसवलंय. निदान काही शतकं मागे तरी माळ माळच होता असं दिसतं.

याचा आज उपयोग काय, असं कुणी विचारेल. आपल्या जिल्ह्यात सडे आणि माळ कागदोपत्री पडीक म्हणून लागतात. पडीक म्हटलं की दोन गोष्टी होतात, एकतर खड्डे मारून रोपं लावतात नाहीतर खाण येते. सड्याखालच्या जांभ्यात बॉक्साईट आहे आणि राधानगरी, शाहूवाडीकडच्या सड्यांवर ते खणलं गेलं आहे. एखाद्या सड्यावर झाडी कधी होती का, याचं उत्तर प्रत्येक जागी वेगळं असू शकतं. आंबा घाटाच्या कुशीतली देवराई आणि तिच्या डोक्यावरचा उघडा सडा यांना एकच नियम लावता येणार नाही. ते उत्तर खळग्यातल्या हात-दीड हात काळ्या गाळात मिळेल, जर तो गाळ जागेवर असेल तर. खाणीत सगळ्यांत आधी बाजूला काढतात ती हीच वरची माती.