देगलूर-भोकरवरून गेलेली रेषा

पृथ्वीचा आकार ठरवण्याच्या कामात नांदेड जिल्ह्याच्या भूमीचाही वाटा आहे. ब्रिटिश लष्करी अधिकारी विल्यम लॅम्बटन यांनी 1802 मध्ये मद्रासजवळ सुरू केलेली मोजणी बिदरजवळच्या दामरगिद्द्यापर्यंत पोचली. 1823 मध्ये ते हिंगणघाटला वारले आणि त्यांचे सहायक जॉर्ज एव्हरेस्ट यांनी ती सिरोंजजवळच्या कल्याणपूरपर्यंत नेली. दामरगिद्दा ते कल्याणपूर हा टप्पा म्हणजे अक्षांश 18 अंश 3 मिनिटे ते 24 अंश 7 मिनिटे, रेखांश पावणेअठ्ठ्याहत्तरच्या आसपास. नकाशावर तो लातूरच्या उदगीरच्या पूर्वेला, देगलूर, बिलोली, भोकर, हदगाव या पट्ट्यातून जातो. साखळीने पायारेषा मोजायची, उंचवट्यांवरून थिओडोलाइटने कोन घेत त्रिकोणाला त्रिकोण जोडायचा, टोकांना ताऱ्यांवरून अक्षांश काढायचे. यातून अक्षांशाच्या एका अंशाची लांबी मिळते. ती विषुववृत्ताशी सुमारे 110.6 किलोमीटर, ध्रुवाशी 111.7. पृथ्वी किती चपटी आहे, ते एवढ्याशा फरकातून कळते.

पण अशा एकट्या दक्षिणोत्तर रेषेवरून आकार ठरत नाही. तिच्या शेजारी दुसऱ्या देशांतल्या रेषा ठेवाव्या लागतात. म्हणून या कामाचे खरे मोल विद्वत्संस्थांमुळे वाढले, असे मला वाटते. लंडनच्या रॉयल सोसायटीने आणि पॅरिसच्या विज्ञान अकादमीने लॅम्बटन यांना आपल्यात घेतले, तेही इंग्रज-फ्रेंच युद्ध नुकतेच संपलेले असताना. एव्हरेस्ट यांनी 1830 मध्ये आकडे ग्रंथरूपाने छापले. 1841 मध्ये गणितज्ञ बेसेल यांनी प्रशियात बसून ज्या दहा रेषांवरून पृथ्वीचा आकार काढला, त्यांत भारतातल्या दोन होत्या. अशी देवाणघेवाण व्यक्तींच्या पत्रव्यवहारावर सोडू नये, या विचारातून 1862 मध्ये बर्लिनला मध्य युरोपीय मोजणी-संघटना उभी राहिली. आजचा आंतरराष्ट्रीय भूगणित संघ तिचाच वारस.

ही मोजणी कंपनी सरकारच्या लष्कराची आणि महसुलाची सोय होती, मग तिला सहकार्य कसे म्हणायचे, हा आक्षेप रास्त आहे. निजामाच्या मुलखात साखळ्या वाहणाऱ्या, उंचवट्यांवर निशाणे धरून उभ्या राहणाऱ्या माणसांना या सहकार्यात जागा नव्हती. तरी हेतू वसाहतीचा होता म्हणून आकडे खोटे ठरत नाहीत. उलट ते छापले गेले म्हणूनच परक्या राज्यातल्या गणितज्ञाला तपासता आले. दप्तरात कुलूपबंद राहिले असते तर फक्त सत्तेच्याच कामी आले असते. 2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणापर्यंत आपली टोपोशीटे एव्हरेस्ट यांच्याच मापांवर बेतलेली होती. नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांतील भूगोल विभागांनी 1830 चा तो ग्रंथ हाती घेऊन आपल्या तालुक्यांतली मोजणीची ठिकाणे शोधावीत आणि त्यांची नोंद मराठीतून छापावी.