अंगठ्याचा ठसा

स्मरणिकेसाठी सोसायटीचा इतिहास लिहा, असा संपादक मंडळाचा आग्रह होता. पण पाण्याची टाकी, लिफ्ट आणि कन्व्हेयन्स यांचा इतिहास आपले सेक्रेटरी माझ्यापेक्षा चांगला सांगतील. मी एका खेळण्याचा इतिहास सांगतो. गेल्या मे महिन्यात क्लब हाऊसमध्ये मुलांच्या शिबिरात प्लॅस्टिकच्या विमानांचे सुटे भाग जोडायला शिकवले, तेव्हा बऱ्याच पालकांनी विचारले, "काका, हा नाद तुम्हाला कुठून लागला?" त्याचे हे उत्तर.

इंग्लंडमध्ये निकोलस कोव्ह नावाच्या मूळच्या हंगेरियन गृहस्थांनी १९३९ साली एअरफिक्स ही कंपनी काढली. सुरुवातीला ते हवा भरलेली रबरी खेळणी करीत, पुढे प्लॅस्टिकचे कंगवे करू लागले. नावाचा विमानांशी तेव्हा काहीच संबंध नव्हता! १९४९ मध्ये फर्ग्युसन कंपनीने आपल्या ट्रॅक्टरची छोटी प्रतिकृती त्यांच्याकडून विक्रेत्यांसाठी करून घेतली. ती जोडत बसणे खर्चाचे पडू लागले, तसे तिचे भाग सुटेच विकायला काढले. १९५२ मध्ये 'गोल्डन हाइंड' हे जहाज आले. ते खोक्याऐवजी साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले, म्हणून किंमत २ शिलिंगांत बसली. पुढच्याच वर्षी स्पिटफायर विमान आले आणि पोरांना वेड लागले.

२ शिलिंग म्हणजे किती? माझी उमेदीची वर्षे बँकेच्या फॉरेन एक्स्चेंज विभागात गेली, त्यामुळे हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. तेव्हा पौंडाला १३ रुपये ३३ पैसे पडत, म्हणजे विमान झाले १ रुपया ३३ पैशांना. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले, पौंड २१ रुपयांवर गेला आणि तेच विमान २ रुपये १० पैशांचे झाले. पण हा हिशेब कागदावरचा. परकीय चलनाची एवढी टंचाई होती की खेळण्यांच्या आयातीला कोण विचारतो! आमच्यासारख्यांकडे असली वस्तू यायची ती कोणी बोटीवर नोकरीला असेल तरच.

आमचे मामा बोटीवर होते. १९६२ च्या दिवाळीत ते आले आणि दादाच्या हातात त्यांनी स्पिटफायरची पिशवी ठेवली. मी ११ वर्षांचा, दादा १५ चा. आम्ही गिरगावात दोन खोल्यांच्या चाळीत राहत होतो. चीनचे आक्रमण नुकतेच झाले होते, अण्णा रेडिओला कान लावून बसत. आपली लढाऊ विमाने का जात नाहीत, असे आम्ही पोरे विचारायचो. विमानदलाने त्या युद्धात वाहतुकीचेच काम केले, हे पुढे कळले. पण १९४७ मध्ये काश्मीरवर हल्ला झाला तेव्हा आपल्या स्पिटफायर विमानांनी कामगिरी बजावली होती, हे अण्णांनी त्या दिवशी सांगितले आणि परदेशी खेळणे एकदम आमचे झाले.

दादाने आधी सूचनांचा कागद डिक्शनरी घेऊन वाचला. प्रमाण एकास बहात्तर. म्हणजे सहा फुटी माणूस एक इंचाचा! पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत सहा इंचांच्या थोडे वर. अण्णांच्या दाढीच्या जुन्या ब्लेडने त्याने एकेक भाग चौकटीपासून अलगद सोडवला. हा गोंद आपल्या खळीसारखा नुसता चिकटत नाही. तो प्लॅस्टिकचा पृष्ठभाग विरघळवतो आणि दोन भाग एकजीव होतात. म्हणूनच चुकीला माफी नाही. इंग्रजी वर्तुळांची चित्रे आम्ही लावलीच नाहीत. तळमजल्यावर बोर्ड रंगवणारे पेंटरकाका होते, त्यांच्याकडून चिमूटभर ऑइलपेंट आणून दादाने पंखांवर केशरी, पांढरे, हिरवे वर्तुळ काढले.

शेवटचे राहिले ते वैमानिकाच्या डोक्यावरचे पारदर्शक झाकण. "वाळेपर्यंत हात लावू नकोस," असे बजावून दादा दूध आणायला गेला. मला धीर निघाला नाही. बोटांना गोंद लागलेला होता, तशीच मी ती काच उचलली. काचेवर माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला तो कायमचा. पुसायला गेलो तर आणखीच धुरकट झाली. आतला इंचभर वैमानिक दिसेनासा झाला.

संध्याकाळी अण्णांनी विचारले, "मामाने एवढ्या लांबून आणलेली वस्तू, कोणी घालवली?" मी गप्प. दादाने माझ्याकडे एकदा पाहिले आणि म्हणाला, "माझ्या हातून झालं." बोलणी त्याने खाल्ली. त्यावर आम्ही दोघे पुन्हा कधीच बोललो नाही.

पुढे अण्णांची गिरणी वारंवार बंद पडू लागली, तेव्हाही असेच झाले. मॅट्रिकनंतर दादा नोकरीला लागला. "मला अभ्यासाचा कंटाळाच आहे," असे त्याने घरात सांगितले. डिक्शनरी घेऊन बसणाऱ्या मुलाला कसला आलाय कंटाळा! मी पदवीधर झालो, बँकेत ऑफिसर झालो, या सोसायटीत घर घेतले, ते त्याच्या त्या वाक्यावर. दादा जाऊन आता नऊ वर्षे झाली. "काच मी घालवली" एवढे तीन शब्द त्याला सांगायला मला पन्नासहून अधिक वर्षे मिळाली होती. नाही सांगितले.

शिबिरात एका मुलाने अशीच काच धुरकट केली आणि शेजारच्या छोट्या मुलीकडे बोट दाखवले. मी रागावलो नाही. घरी जाऊन कपाटातले ते स्पिटफायर आणले, काचेवरचा ठसा दाखवला आणि ही गोष्ट सांगितली. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आजोबा, माझ्याकडून झालं."

विमान माझ्याकडेच आहे. ज्यांना बघायचे असेल त्यांनी केव्हाही यावे. चहा होईलच.