बेटाबेटांतील बिनतारी संवाद



वर्गांत पन्नास मुलें एकदम उत्तर देऊं लागलीं, तर मास्तरांच्या कानीं एकहि उत्तर धड पडत नाहीं, हा माझा शाळेंतील नित्याचा अनुभव. मग आपण नियम करतों, कीं ज्याला विचारलें त्यानेंच बोलावें. परंतु वर्गच समुद्रांत विखुरलेला असला आणि मुलांना एकमेकांचे आवाज ऐकूं येत नसले, तर? पॅसिफिक महासागरांतील हवाई बेटांवर नेमका हाच प्रश्न उभा राहिला होता. तो कसा सुटला, त्याची हकीगत आज सांगावयाची आहे.

हवाई विद्यापीठाचें मुख्य ठाणें ओआहू बेटावर, होनोलुलूनजीकच्या मानोआ खोऱ्यांत आहे. मोठें गणकयंत्र तेथें. विद्यापीठाच्या इतर शाखा मात्र निरनिराळ्या बेटांवर. दूरच्या माणसास त्या यंत्राचा उपयोग करावयाचा, तर टेलिफोनची तार हाच मार्ग होता. पण टंकयंत्रापुढें बसलेला मनुष्य क्षणभर लिहितो आणि बराच वेळ विचार करीत बसतो. तेवढा वेळ तार रिकामी राहते. भाडें मात्र चालूच! १९६८ सालीं प्राध्यापक नॉर्मन अब्रॅमसन व त्यांचे सहकारी यांनीं तारेऐवजीं रेडिओलहरी वापरण्याचा संकल्प केला. योजनेचें नांव ठेवलें 'अलोहा'. हा तेथील लोकांचा नमस्कार; भेटतांना तोच आणि निरोप घेतांनाहि तोच.

जून १९७१ मध्यें ही यंत्रणा चालूं झाली. तिला लहरींच्या दोन वाटा होत्या : ४०७.३५० मेगाहर्ट्झवर सर्वांनीं मध्यवर्ती ठाण्याकडे बोलावयाचें आणि ४१३.४७५ मेगाहर्ट्झवर ठाण्यानें सर्वांस उत्तर द्यावयाचें. मजकुराचीं लहान पुडकीं बांधलेलीं असत. एका पुडक्यांत फार तर ८० अक्षरें. तीं पुडकीं स्वीकारणाऱ्या छोट्या गणकयंत्रास 'मेनेहुने' म्हणत. हवाईच्या लोककथांत रात्रींतून बांधकाम उरकणारे जे ठेंगणे कारागीर आहेत, त्यांचें हें नांव.

आतां खरी मौज पुढें आहे. कोणीं केव्हां बोलावें, याचा कांहीं नियमच केला नव्हता. ज्याला बोलावयाचें त्यानें बोलावें. पोंच आली तर काम झालें. दोन पुडकीं एकमेकांवर आदळलीं, तर पोंच येत नाहीं. मग प्रत्येकानें थोडा वेळ थांबून तेंच पुडकें पुन्हां पाठवावें. मात्र दोघांनीं सारखाच वेळ थांबूं नये. नाहीं तर पुन्हां टक्कर ठरलेली! म्हणून थांबण्याचा काळ दैवावर सोडलेला असे.

या मोकळीकीची किंमतहि अब्रॅमसन यांनीं गणितानें काढून दाखविली. या रीतीनें वाटेचा फार तर १८.४ टक्के उपयोग होऊं शकतो. १९७२ सालीं लॉरेन्स रॉबर्ट्स यांनीं दाखविलें, कीं ठराविक टोल्यावरच बोलण्यास आरंभ केला तर हें प्रमाण दुप्पट होतें.

आतां पल्ल्याचा प्रश्न. या लहरी बव्हंशीं सरळ रेषेंत जातात, आणि मानोआ खोऱ्याच्या पाठीशीं कूलाऊ पर्वताची भिंत उभी आहे. केवळ जोर वाढवून डोंगरापलीकडे हांक पोंचत नाहीं. म्हणून मधल्या ठाण्यांची योजना झाली. असें ठाणें पुडकें पुरतें ऐकून घेई, क्षणभर जवळ ठेवी आणि पुढें पाठवी. टपालवाल्यांची टप्पेवार डाक आपल्याकडे चालत असे, त्यांतलाच हा प्रकार.

परंतु पल्ला वाढवितांना परीक्षा कठीण होते. पोंच आली नाहीं, तर पाठविणाऱ्यास काय कळावें? डोंगर आड आला, गोंगाट झाला, कीं दुसऱ्याशीं टक्कर झाली? मौन तिन्हींचें सारखेंच! म्हणून एकटें यंत्र बोलत असतां काय पोंचतें आणि अनेक बोलत असतां काय पोंचतें, हीं दोन मोजमापें वेगळीं ठेवावीं लागतात. शिवाय मधलें ठाणें तेंच बोल पुन्हां उच्चारतें. म्हणजे जितका पल्ला अधिक, तितकी वाट अधिक व्यापलेली. लांबवर पोंचणें आणि पुष्कळांना पोंचणें हीं दोन सुखें एकाच पदरांत पुरतीं पडत नाहींत.

डिसेंबर १९७२ मध्यें उपग्रहाच्या द्वारें ही यंत्रणा अमेरिकेंतील 'आर्पानेट' जाळ्यास जोडली गेली आणि पल्ला समुद्रापार गेला. १९७३ सालीं रॉबर्ट मेटकाफ यांनीं याच कल्पनेंत सुधारणा करून तारेवरचें 'ईथरनेट' योजिलें. बोलण्यापूर्वीं वाट मोकळी आहे कीं नाहीं हें ऐकावें, ही त्यांची मुख्य भर.

अब्रॅमसन २०२० सालीं निवर्तले. परंतु जीएसएम पद्धतीचा मोबाइल प्रथम मनोऱ्याकडे जागा मागतो, तेव्हां तो याच रीतीनें हांक मारतो. उत्तर न आल्यास थोडें थांबून पुन्हां मारतो. दूर पोंचावयाचें तर केवळ आवाज चढवून भागत नाहीं. मध्यें कोणीतरी आपला शब्द नीट ऐकून पुढें नेणारा लागतो, आणि आपल्या अंगीं पुन्हां सांगण्याचा धीर लागतो. वर्गांत चाळीस वर्षें मी याहून निराळें काय शिकलों?