ई-सिगारेट : निकोटीनचे सेवन आणि हृदय

ई-सिगारेट : निकोटीन मिसळलेला द्राव बॅटरीच्या विजेने तापवून त्याचे सूक्ष्म तुषार झुरक्यासरशी फुप्फुसात ओढण्याचे उपकरण, बोलण्यात ‘वेप’. आजच्या धाटणीचे उपकरण चीनमधील औषधनिर्माते होन लिक यांनी २००३ मध्ये तयार केले. द्रावात प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वादद्रव्ये आणि बहुधा निकोटीन असते. तंबाखू जळत नसल्यामुळे डांबर तयार होत नाही आणि कार्बन मोनॉक्साइडही जवळजवळ नसतो. एवढ्यावरून काहीजण हृदय सुरक्षित असल्याचा निर्वाळा देतात, तर काहीजण ‘निकोटीन ते निकोटीन’ म्हणत वेप आणि सिगारेट एकाच माळेत ओवतात. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. निकोटीन रक्तात किती झपाट्याने चढते, दिवसातून किती वेळा चढते, त्याच्यासोबत आणखी काय येते आणि ते घेणारा आधी काय ओढत होता, यांवर हृदयाचे नुकसान ठरते. वेष्टनावर छापलेल्या टक्केवारीत यातले फारच थोडे कळते.

साध्या सिगारेटमधील तंबाखूत साधारण १० ते १२ मिलिग्रॅम निकोटीन असते, पण ओढणाऱ्याच्या रक्तात त्यातले जेमतेम १ ते १.५ मिलिग्रॅम पोचते. वेपचा हिशेब इतका सरळ नाही. अमेरिकेत २०१५ मध्ये बाजारात आलेल्या ‘जूल’च्या ०.७ मिलिलिटर कुपीत, ५ टक्के निकोटीन धरता, सुमारे ४० मिलिग्रॅम निकोटीन होते. युरोपीय संघाने मिलिलिटरला २० मिलिग्रॅमची मर्यादा घातली. पण तिथल्या वापरून फेकायच्या वेपमध्ये २ मिलिलिटर द्राव असे, म्हणजे एकूण निकोटीन पुन्हा ४० मिलिग्रॅमच. द्राव सौम्य केला तरी माणूस तलफ भागेपर्यंत ओढतो. लंडन साउथ बँक विद्यापीठात लिन डॉकिन्स यांच्या गटाने २० सराईत वेपकऱ्यांवर केलेल्या अभ्यासात (२०१८) हेच दिसले : मिलिलिटरला १८ ऐवजी ६ मिलिग्रॅमचा द्राव हाती आल्यावर त्यांनी झुरके वाढवले, लांबवले आणि अधिक द्राव संपवला. त्यामुळे फॉर्माल्डिहाइडशी येणारा संबंधही वाढला. उपकरणाची विद्युतशक्ती वाढवली की एका झुरक्यातले निकोटीन वाढते, ते वेगळेच.

जूलने बाजार पालटला तो निकोटीनच्या क्षारांमुळे. मोकळे निकोटीन अल्कधर्मी असल्याने जास्त प्रमाणात घशाला झोंबते. बेन्झोइक आम्ल घालून त्याचा क्षार केला की ती झोंब मरते आणि एरवी ठसका लावणारी मात्रा सहज खोल ओढता येते. तंबाखूत चुना मळणाऱ्यांना या रसायनाची उलटी बाजू पिढ्यान्पिढ्या माहीत आहे : चुन्याने मिश्रण अल्कधर्मी होते, निकोटीन मोकळे होते आणि गालाच्या अस्तरातून झटकन शिरते. तोंडातून शोषायचे तर अल्क हवे, फुप्फुसातून ओढायचे तर आम्ल. फुप्फुसात शिरलेले निकोटीन १० ते २० सेकंदांत मेंदूत पोचते. सिगारेट निदान पाच-सात मिनिटांत विझते, विझली की दुसरी पेटवायची की नाही हे ठरवावे लागते. वेप विझतच नाही. दर काही मिनिटांनी एक झुरका, असे ते सकाळपासून झोपेपर्यंत हातात राहते. निकोटीनची रक्तातील पातळी निम्मी व्हायला सुमारे दोन तास लागतात, त्यामुळे दिवसभर ती फारशी उतरत नाही.

हृदयावरचा परिणाम मुख्यतः चेतासंस्थेमार्फत होतो. निकोटीन चेतागुच्छांतील आणि अधिवृक्क ग्रंथींतील ग्राहींना चिकटते, अॅड्रेनॅलिन व नॉरअॅड्रेनॅलिन स्रवतात, नाडी वाढते, रक्तदाब चढतो, त्वचेतील व हृदयातील रोहिण्या आकसतात. हृदयाला प्राणवायू जास्त लागतो, तेव्हाच पुरवठ्याची वाट अरुंद होते. निरोगी रोहिण्या हे निभावतात, आधीच चोंदलेल्या निभावतीलच असे नाही. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात हॉली मिडलकॉफ यांच्या गटाने २०१७ मध्ये निरोगी, धूम्रपान न करणाऱ्या ३३ जणांना निकोटीन असलेली व नसलेली ई-सिगारेट दिली. हृदयाच्या लयीतला अनुकंपी (हृदयाला वेग देणाऱ्या) चेतनेकडचा कल निकोटीन असलेल्या वेपनेच आला. अर्थात ही तात्पुरती खूण आहे, रोग नव्हे. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींच्या २०१८ च्या अहवालातही हाच भेद आहे : निकोटीनयुक्त वेपने नाडी वाढते याला भक्कम पुरावा, हृदयविकाराच्या झटक्यासारख्या प्रत्यक्ष परिणामांबाबत तोवर पुरावाच उपलब्ध नव्हता.

सर्वांत वजनदार आक्षेप इथे येतो. निकोटीन एवढे घातक असते, तर त्वचेवर चिकटवायच्या निकोटीनच्या पट्टीने हृदयरुग्ण दगावायला हवे होते. तसे घडत नाही. अमेरिकेत ५८४ हृदयरुग्णांवर झालेल्या चाचणीत (१९९६) पट्टीमुळे हृदयाच्या गंभीर घटना वाढल्या नाहीत. स्वीडनमध्ये ओठाखाली ठेवायच्या ‘स्नूस’ या तंबाखूचे पुरावेही त्याच बाजूचे : कधीही धूम्रपान न केलेल्या एक लाखाहून अधिक पुरुषांच्या एकत्रित विश्लेषणात (२०१२) स्नूस वापरणाऱ्यांना झटका येण्याचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. हे नाकारण्यात अर्थ नाही. धूम्रपानातून हृदयावर येणारा बहुतेक भार कार्बन मोनॉक्साइड, सूक्ष्म कण आणि ऑक्सिडीकारक वायू यांचा असतो, निकोटीनचा वाटा त्याहून लहान. मात्र याच पुराव्याचे दुसरे टोक सोडून चालणार नाही. पट्टीतून निकोटीन तासन्‌तास ठिबकत येते, झुरक्याने ते उसळी मारून येते. पट्टीचे प्रशस्तिपत्र वेपला जसेच्या तसे लागू होत नाही. स्वीडनमध्येच, झटक्यानंतर स्नूस सोडलेल्यांत मृत्यूचे प्रमाण न सोडलेल्यांच्या सुमारे निम्मे आढळले (२०१४). आणि ५२ देशांतील ‘इंटरहार्ट’ अभ्यासात (२००६) नुसती तंबाखू चघळणाऱ्यांत झटक्याची शक्यता सुमारे २.२ पट होती. निकोटीन सर्वत्र तेच असूनही फळ वेगळे, कारण सोबतचा मालमसाला वेगळा. वेपच्या तुषारांतही अॅक्रोलिन, फॉर्माल्डिहाइड आणि धातूंचे अंश असतात. धुराच्या मानाने कमी, पण शून्य नाहीत.

लोकसंख्येच्या पातळीवरील आकडे जपून वाचावे लागतात. वेपने हृदयविकाराचा झटका येतो असे सांगणारा, अमेरिकेच्या राष्ट्रीय पाहणीवर आधारलेला २०१९ मधील एक गाजलेला शोधनिबंध २०२० मध्ये मागे घेण्यात आला, कारण नोंदलेल्या झटक्यांपैकी किती वेप सुरू करण्याआधीचे होते हे नीट तपासलेले नव्हते. वेपविरोधी मंडळी तो अजून उद्धृत करतात. तसे करू नये. त्याच राष्ट्रीय पाहणीतील सुमारे २४ हजार प्रौढांच्या पुढच्या विश्लेषणात (२०२२) केवळ वेप ओढणाऱ्यांत हृदयविकाराचा धोका, काहीच न ओढणाऱ्यांच्या तुलनेत, लक्षणीयरीत्या वाढलेला दिसला नाही, सिगारेट ओढणाऱ्यांपेक्षा तो सुमारे एकतृतीयांशाने कमी होता. केवळ वेप ओढणाऱ्यांची संख्या आणि पाठपुराव्याची वर्षे मात्र तोकडी होती. रोहिणीत चरबीचे थर साचायला दशके लागतात. स्कॉटलंडमध्ये डंडी विद्यापीठाने ११४ धूम्रपान करणाऱ्यांवर केलेला प्रयोग (२०१९) अधिक बोलका आहे. हातावर पट्टा फुगवून काही मिनिटे रक्तप्रवाह थांबवायचा, मग सोडायचा आणि दंडातली रोहिणी किती रुंदावते हे ध्वनिलहरींनी मोजायचे, अशी ही चाचणी असते. सिगारेट सोडून वेपवर आलेल्यांची रोहिणी महिन्याभरातच अधिक मोकळी होऊ लागली, द्रावात निकोटीन असो वा नसो.

अट एकच : सिगारेट पूर्ण सुटली पाहिजे. व्यवहारात अनेकांच्या खिशात दोन्ही असतात, घराबाहेर सिगारेट आणि आत वेप. ‘वीसवरून दोनवर आलो’ हा हिशेब फुप्फुसाच्या कर्करोगापुरता काही अंशी खरा ठरेल, हृदयापाशी तो फसतो. १४१ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणानुसार (२०१८) रोज एकच सिगारेट ओढणाऱ्यालाही, वीस ओढणाऱ्याच्या वाढीव हृदयधोक्यापैकी जवळपास निम्मा धोका असतो. वर सांगितलेल्या २०२२ च्या विश्लेषणातही दोन्ही ओढणाऱ्यांचा धोका केवळ सिगारेट ओढणाऱ्यांपेक्षा वेगळा निघाला नाही. सोडण्याचे साधन म्हणून वेपचा उपयोग होतो, हे ब्रिटनमधील ८८६ जणांच्या चाचणीत (२०१९) दिसले : वर्षानंतर वेप गटातील १८ टक्के, तर पट्टी-च्युइंगगम गटातील ९.९ टक्के लोक सिगारेटमुक्त होते. मात्र वेपने सुटलेल्यांपैकी ८० टक्के तेव्हाही वेप ओढतच होते. सिगारेट गेली, निकोटीन राहिले.

ज्याने कधी काही ओढलेच नाही, त्याच्या बाबतीत तुलना सिगारेटशी करायचे कारण नाही. अमेरिकेत २०१९ मध्ये माध्यमिक शाळांच्या वरच्या वर्गांतील २७.५ टक्के विद्यार्थी वेप ओढत होते. त्यांना या उपकरणाने धोका कमी करून दिला नाही, नवा दिला. भारतात १८ सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशाने आणि त्यानंतरच्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठा व जाहिरात यांवर बंदी आली. उत्पादन, आयात, विक्री वा जाहिरातीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही. विडी, सिगारेट आणि तंबाखूची पुडी मात्र दुकानात उघड मिळते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू घेत होते, ओढणारे ३.८ टक्केच. अशा राज्यात दवाखान्यात तंबाखू-विडीची चौकशी होते, वेपची सहसा होत नाही, आणि चोरून आणलेल्या वस्तूबद्दल रुग्ण आपणहून बोलत नाही. छातीत धडधड, चढलेला रक्तदाब किंवा शस्त्रक्रियेची तयारी, कारण काहीही असो, वेप ओढणाऱ्याने ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. सोबत सिगारेट ओढत असल्यास तेही.