माणूस परराज्यात अडकवला, तर हेबियस कॉर्पस कुठल्या हायकोर्टात?

सीमाभागात हा प्रश्न नेहमीचा. माणूस चंदगडचा, पोलिसांनी उचलला बेळगावातून आणि ठेवला हिंडलगा कारागृहात. घरची मंडळी ओळखीच्या वकिलाकडे धावतात. पण याचिका चुकीच्या हायकोर्टात पडली की मोलाचे दिवस तिथंच जातात. म्हणून हद्दीचा नियम आधीच माहीत असलेला बरा.

हेबियस कॉर्पस, म्हणजेच बंदी प्रत्यक्षीकरण याचिका, एवढंच विचारते : या माणसाला कोणत्या अधिकाराने डांबून ठेवलंय? ती स्वतः बंदीने किंवा त्याच्या वतीने नातेवाईक, मित्र कोणीही करू शकतो.

नियम काय?
राज्यघटनेच्या कलम २२६ नुसार हायकोर्टाला दोन परिस्थितींत अधिकार मिळतो. एक, डांबणारा अधिकारी किंवा तुरुंग त्या कोर्टाच्या हद्दीत असेल तर. दोन, तक्रारीचं कारण पूर्णपणे किंवा अंशतः त्या हद्दीत घडलं असेल तर. ही दुसरी तरतूद १९६३ च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने आली. त्यामुळे अटक किंवा स्थानबद्धतेचा हुकूम कुठे झाला, हे महत्त्वाचं ठरतं. नुसतं घर त्या राज्यात आहे, एवढ्यावर भागत नाही.

आपल्या भागात याचा अर्थ
- कर्नाटक पोलिसांनी बेळगावात पकडून हिंडलग्यात ठेवलं : कर्नाटक हायकोर्टाचं धारवाड खंडपीठ. पत्ता चंदगडचा आहे म्हणून कोल्हापूरला जाता येत नाही.
- महाराष्ट्र पोलिसांनी बेळगावातून पकडून कोल्हापूरला नेलं : कोठडी तिथं म्हणून मुंबई हायकोर्टाचं कोल्हापूर सर्किट बेंच, अटक बेळगावात झाली म्हणून धारवाडचाही पर्याय.
- गोव्यात अडकवलं : गोव्याला वेगळं हायकोर्ट नाही. मुंबई हायकोर्टाचंच पर्वरी इथलं खंडपीठ.

दुसऱ्या राज्यात हलवलं तर?
याचिका आपोआप संपत नाही. कनू सन्याल यांच्याविरुद्धचं प्रकरण दार्जिलिंगचं, ते मात्र विशाखापट्टणमच्या तुरुंगात होते. बंद्याला प्रत्यक्ष हजर न करताही कोठडी कायदेशीर आहे का हे तपासता येतं, असं सुप्रीम कोर्टाने १९७३ मध्ये सांगितलं.

ट्रान्झिट रिमांड
अटकेनंतर, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे हजर करावंच लागतं. परराज्यात न्यायचं तर सहसा तिथल्याच मॅजिस्ट्रेटकडून ट्रान्झिट रिमांड घेतात. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी गौतम नवलखा यांना दिल्लीत अटक केली. कागदपत्रं मराठीत, ती मॅजिस्ट्रेटना वाचता येत नव्हती. तरी रिमांड मिळाला. दिल्ली हायकोर्टाने हेबियस याचिकेवरच तो रद्द केला.

कुठे चालत नाही?
सक्षम कोर्टाने रिमांड दिला असेल, तर साधारणपणे ही याचिका टिकत नाही. जामीन मागावा लागतो. रिमांड अधिकाराबाहेरचा किंवा डोळे झाकून दिलेला असेल, तर गोष्ट वेगळी. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेच्या हुकमाला मात्र या मार्गाने आव्हान देता येतं.

आधी काय जमवावं?
कोणत्या ठाण्याच्या पोलिसांनी, कुठून, किती वाजता नेलं, गुन्हा क्रमांक, रिमांड किंवा स्थानबद्धता हुकमाची प्रत, सध्याचा तुरुंग. वकिलाला हेच पहिलं लागतं. फी परवडत नसेल, तर कोठडीतल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तालुका किंवा जिल्हा विधी सेवा कार्यालयात अर्ज करता येतो.